क्लाउडच्या प्रमाणपत्रांना श्रेयांक द्या, पण पारखून : अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठांमधील व महाविद्यालयांमधील संगणकशास्त्राची अभ्यासमंडळे आणि विद्या परिषदा यांचे मान्यवर सदस्य

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटवरून सर्व्हर आणि साठवणूक भाड्याने देणाऱ्या ‘क्लाउड’ सेवांची, म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर किंवा गूगल क्लाउडची, व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र पुढे करतो आणि विचारतो, याचे मला काही श्रेयांक (क्रेडिट) मिळतील का? या प्रश्नाला बहुतेक विभागांत लेखी उत्तर नसते. त्या दिवशी टेबलापलीकडे कोण बसले आहे, यावर उत्तर ठरते. म्हणून हे पत्र.

मी ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि क्लाउड हे विषय शिकवतो. त्याआधी बरीच वर्षे सर्व्हर सांभाळण्याचे काम केले. दोन्ही बाजू जवळून पाहिल्यामुळे माझे मत ठाम आहे. या प्रमाणपत्रांना श्रेयांक मिळायला हवेत आणि ते अभ्यासक्रमातल्या नेमक्या विषयाच्या जागी मिळायला हवेत. मात्र ते देण्याआधी महाविद्यालयाने स्वतः वेळ काढून त्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला हवी.

आज घडते ते वेगळेच. काही ठिकाणी सरळ नकार मिळतो : खासगी कंपनीची परीक्षा आहे, आमच्या नियमात बसत नाही. नोकरी सांभाळून, रात्री जागून व्यावसायिक पातळीची परीक्षा दिलेली व्यक्ती अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायला परत येते आणि तिला ‘व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय’ इथून सुरुवात करावी लागते. त्या सत्रात ती काय नवीन शिकणार आणि त्या विषयाची फी तिने का भरायची, याचे पटणारे उत्तर आपल्यापैकी कोणाकडेही नाही.

दुसऱ्या काही ठिकाणी उदारपणा दिसतो, पण तो कागदावरच राहतो. श्रेयांक दिले जातात ते ‘मुक्त ऐच्छिक’ या रकान्यात. त्यामुळे एकही अनिवार्य विषय कमी होत नाही. मुक्त ऐच्छिक श्रेयांकांना मुळातच मर्यादा असते आणि दुसऱ्या संस्थेतून आलेल्या विद्यार्थ्याचा तो रकाना बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. गुणपत्रकावर आकडा वाढतो, पदवीची तारीख मात्र एका दिवसानेही अलीकडे येत नाही. मला हा प्रकार नकारापेक्षा जास्त खटकतो. नकार मिळालेला विद्यार्थी निदान दुसऱ्या संस्थेत जाऊन विचारतो. याला आपले नुकसान झाल्याचे शेवटच्या वर्षी कळते.

महाविद्यालयाबाहेर शिकलेल्याला श्रेयांक देणे ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणाऱ्या क्लेप परीक्षा १९६७ पासून आहेत. तिथली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था १९७४ पासून महाविद्यालयाबाहेरचे प्रशिक्षण तपासून श्रेयांकांची शिफारस करत आली आहे आणि माहिती तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्रांचाही त्यात समावेश आहे. पण ती फक्त शिफारस. शेवटचा निर्णय प्रत्येक महाविद्यालयाचा. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीने उलट बाजूने सुरुवात केली : तिथे उद्योगातली प्रमाणपत्रे पदवीच्या अभ्यासक्रमातच गुंफलेली आहेत. युरोपीय संघाने जून २०२२ मध्ये लहान स्वरूपाच्या प्रमाणपत्रांबाबत सदस्य देशांना शिफारशी केल्या. भारतात २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने औपचारिक शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण आणि अनुभवातून आलेले शिक्षण एकाच मोजपट्टीवर आणले. चौकटी तयार आहेत. अमुक प्रमाणपत्र म्हणजे आमच्या अमुक विषयाचे शिक्षण, हे विषयाच्या पातळीवर ठरवायचे राहिले आहे, आणि ते अभ्यासमंडळाशिवाय दुसरे कोणी ठरवू शकत नाही.

याचा उपयोग होतो का? कौन्सिल फॉर ॲडल्ट अँड एक्स्पीरियन्शियल लर्निंग आणि विची या संस्थांनी २०२० मध्ये ७२ अमेरिकी संस्थांमधल्या प्रौढ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वशिक्षणाचे श्रेयांक मिळालेल्यांपैकी ४९ टक्क्यांनी शिक्षण पूर्ण केले, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी. श्रेयांक मागायला येणारा विद्यार्थी मुळातच जास्त तयारीचा असतो, त्यामुळे सगळा फरक श्रेयांकांमुळे पडला असे मी म्हणणार नाही. तरी एवढ्या मोठ्या फरकाकडे पाठ फिरवता येत नाही.

आता या परीक्षा नेमके काय तपासतात ते पाहू. सगळी क्लाउड प्रमाणपत्रे एकाच रांगेत बसवली की निर्णय हमखास चुकतो. एडब्ल्यूएसचे क्लाउड प्रॅक्टिशनर हे ओळख करून देणारे प्रमाणपत्र आहे. तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या माणसालाही ते मिळवता येते आणि विक्री किंवा हिशेब विभागातले लोकही ते घेतात. त्याला संगणकशास्त्राच्या पदवीत फार तर परिचयाच्या विषयातला एखादा भाग माफ करावा, त्यापेक्षा जास्त नाही. सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा वेगळ्या तोडीची आहे : १३० मिनिटांत ६५ प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७२० गुण. त्यातले १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. म्हणून काही सहकारी त्यांना सरसकट हलके ठरवतात. ते मला मान्य नाही. प्रश्नाचा बाज साधारण असा असतो : एका संकेतस्थळावर ठरावीक वेळी गर्दी उसळते, डेटाबेसवर वाचनाचा ताण येतो, मजकूर रोज बदलतो आणि खर्च कमीत कमी ठेवायचा आहे, तर चारपैकी काय कराल? इथे चारही पर्याय चालू शकणारे असतात. कॅशिंग (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणे), रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचनासाठीची प्रत) आणि ऑटो स्केलिंग (गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवणे-घटवणे) यांतला फरक ज्याला उमगलेला नाही त्याला इथे नुसत्या पाठांतरावर फार पुढे जाता येत नाही.

उणीव दुसरीकडे आहे. योग्य पर्याय ओळखणारा विद्यार्थी ती रचना स्वतःच्या हाताने उभी करू शकेलच असे नाही. याउलट कुबरनेटीस या, अनेक सर्व्हरांवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या प्रणालीच्या सर्टिफाइड कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेत पर्यायच नसतात. समोर आज्ञा टाइप करायचे टर्मिनल, दोन तास आणि उभी करायची किंवा दुरुस्त करायची क्लस्टर्स, म्हणजे सर्व्हरांचे गट. उत्तीर्ण होण्यासाठी ६६ टक्के. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या परीक्षाही अशाच हातांनी द्यायच्या असतात. असे प्रमाणपत्र घेऊन आलेल्याला थोडा वेळ बोलून श्रेयांक द्यायला माझी मुळीच हरकत नाही. एडब्ल्यूएसनेही सिसऑप्स ॲडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेत २०२१ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवण्याचा भाग आणला होता, तो मार्च २०२३ मध्ये काढला. जगभर रोज चालणाऱ्या परीक्षेत असा भाग सांभाळणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करता येते. आपल्यापुढे मात्र एका सत्रात मूठभर अर्ज येतील. त्या परीक्षांना जे जमत नाही ते आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.

म्हणून प्रात्यक्षिक कसे असावे, हे जरा सविस्तर लिहितो. विद्यार्थ्याला रिकामे प्रयोगखाते द्या आणि त्याला हव्या त्या कंपनीच्या सेवा वापरू द्या. त्याने एक नेटवर्क आखावे, त्यात एक सार्वजनिक आणि एक खासगी सबनेट (नेटवर्कचा उपविभाग). डेटाबेस खासगी भागात, बाहेरच्या जगाला फक्त येणारी मागणी सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर दिसावा. ॲप्लिकेशनला स्टोरेजमधल्या एकाच बकेटमधले (फाइलींच्या कप्प्यातले) वाचता यावे, लिहिता येऊ नये आणि बाकी काही दिसू नये. खर्च ठरल्यापेक्षा वाढला तर इशारा यावा. हे झाले की परीक्षकाने विद्यार्थ्याला न सांगता एक बिघाड करावा : रूट टेबलमधली (नेटवर्कमधल्या वाटांच्या तक्त्यातली) एक नोंद काढावी किंवा सिक्युरिटी ग्रुपमधला (कोणाला आत येऊ द्यायचे या नियमांतला) पोर्ट बदलावा. मग विद्यार्थी कुठून शोधायला लागतो ते पाहावे. ज्याने हे काम खरोखर केले आहे तो आधी लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेल्या नोंदी, उघडतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो आणि आपल्याला काय माहीत नाही ते बोलून दाखवतो. ज्याने फक्त प्रश्नसंच सोडवले आहेत तो दिसेल ते बदलत सुटतो. हा फरक पाहायला दहा मिनिटे पुरतात.

पुढे तोंडी प्रश्न. कॅपिटल वन या बँकेच्या क्लाउडवरच्या माहितीची २०१९ मध्ये चोरी झाली आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी व कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या फायरवॉलमधून आत शिरलेल्या व्यक्तीच्या हाती एका सर्व्हरची भूमिका (त्या सर्व्हरची क्लाउडमधली ओळख) लागली आणि त्या भूमिकेला गरजेपेक्षा खूप जास्त परवानग्या होत्या. विद्यार्थ्याला विचारा : यातली कोणती परवानगी काढली असती तर नुकसान आवाक्यात राहिले असते? ती काढणे क्लाउड कंपनीची जबाबदारी होती की ग्राहकाची? आणि ती मर्यादा घालणारी पॉलिसी, म्हणजे परवानग्यांचा नियम, आत्ता लिहून दाखव. ‘किमान परवानगी’ या पर्यायावर खूण करणे आणि ती पॉलिसी लिहिणे यांमध्ये जेवढे अंतर आहे, तेवढ्याच्याच तपासणीसाठी आपण बसलेलो आहोत.

अशा परीक्षेमुळे ‘डम्प’चा प्रश्नही मिटतो. फुटलेले प्रश्नसंच विकले जातात आणि काही जण ते घोकून प्रमाणपत्र मिळवतात, हे आपण सगळे जाणतो. त्यासाठी प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांना दारातून परत पाठवू नका. घोकंपट्टी करणारा रूट टेबलपाशी अडकेल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो घेणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, विद्यापीठाने तत्त्वे शिकवावीत, एखाद्या कंपनीच्या सेवांची नावे नव्हेत. एक उदाहरण घेऊ. एडब्ल्यूएसची एस-थ्री ही साठवणूक सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. २०२० च्या अखेरीपर्यंत तिच्यात असे होते की, असलेल्या फाइलवर नवी फाइल लिहून लगेच वाचली तर जुनी हाती येऊ शकत असे. परीक्षेची तयारी करणारे हा नियम पाठ करत. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने सेवेचे वर्तन बदलले आणि लिहिल्याबरोबर नवेच वाचायला मिळेल अशी हमी दिली. नोव्हेंबरमधले बरोबर उत्तर डिसेंबरमध्ये चूक ठरले. पण अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकसारख्या ठेवायच्या तर कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न तसाच उभा आहे. लेस्ली लँपोर्ट यांचा वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेल्या, यंत्रणांमधल्या घटनाक्रमावरचा निबंध १९७८ चा, नेटवर्क तुटले असता प्रती एकसारख्या ठेवणे आणि सेवा चालू ठेवणे दोन्ही साधत नाही हा अंदाज एरिक ब्रूअर यांनी मांडला तो २००० साली, गिल्बर्ट आणि लिंच यांनी त्याची सिद्धता दिली २००२ मध्ये. यातले काहीही डिसेंबर २०२० मध्ये जुने झाले नाही.

यावरून मी काढलेली रेघ अशी : क्लाउड परिचय, क्लाउड रचना, सर्व्हर व्यवस्थापन, उभारणीची प्रयोगशाळा या विषयांच्या जागी प्रमाणपत्र चालावे. ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदम, नेटवर्कची तत्त्वे, वितरित यंत्रणा यांच्या जागी कुठल्याही कंपनीचे कुठल्याही पातळीचे प्रमाणपत्र चालू नये. विद्यार्थी कितीही हुशार असला तरी नाही. उलट मला असा अनुभव आहे की, क्लाउडवर काम करून आलेले विद्यार्थी या विषयांच्या वर्गात सगळ्यांत चांगले प्रश्न विचारतात, कारण त्यांनी ती अडचण सोसलेली असते. परिचयाच्या विषयातून त्यांना मोकळे केले तर त्या वेळात ते इथे बसू शकतील.

विषय जुळवण्याचे काम वाटते तेवढे कठीण नाही. प्रत्येक कंपनी आपल्या परीक्षेची रूपरेषा भारांशासह प्रसिद्ध करते. सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटच्या सध्याच्या रूपरेषेत सुरक्षित रचनेला ३० टक्के, बिघाड सोसणाऱ्या रचनेला २६, कार्यक्षमतेला २४ आणि खर्चाच्या नियोजनाला २० टक्के भार आहे. एका बाजूला ही रूपरेषा ठेवा, दुसऱ्या बाजूला आपल्या विषयाची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तो शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवे त्याची यादी. आपल्या निष्पत्तींपैकी तीनचतुर्थांश जुळत असतील तर तो विषय जुळला असे धरावे आणि उरलेला भाग प्रात्यक्षिकात विचारावा. आपला विषयच एका कंपनीच्या भाषेत लिहिलेला असेल तर आधी तो सुधारा. अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे, सेवेचे तीन प्रकार आणि उभारणीचे चार प्रकार सांगितले. त्यात कोणत्याही कंपनीचे नाव नाही आणि पाया म्हणून ते आजही पुरते.

तासांचा हिशेब मात्र मांडत बसू नका. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, भारतीय आराखड्यात ३० तास. प्रमाणपत्रामागे किती तास गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. एखाद्याने दोन महिने अभ्यास केला असेल, दुसऱ्याने चार वर्षे ते काम केले असेल. किती व्हिडिओ पाहिले हे विचारणे निरर्थक आहे. निष्पत्ती जुळल्या आणि प्रात्यक्षिक पार पडले की आपल्या त्या विषयाला जेवढे श्रेयांक आहेत तेवढेच द्यावेत.

मुदतीचाही प्रश्न वारंवार निघतो. एडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, गूगल क्लाउडचे प्रोफेशनल पातळीचे दोन वर्षे. मायक्रोसॉफ्टचे भूमिकेवर आधारित प्रमाणपत्र एक वर्ष, पुढे ते ऑनलाइन चाचणी देऊन विनाशुल्क वाढवता येते. अर्जाच्या दिवशी प्रमाणपत्र चालू असावे, एवढी अट पुरे. एकदा नोंदलेले श्रेयांक प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून काढून घेऊ नयेत. दहा वर्षांपूर्वी आपल्या वर्गात शिकलेल्याचे श्रेयांक आपण कधी परत मागतो का?

यानंतरचा मुद्दा पैशाचा, आणि माझ्या दृष्टीने हा साऱ्या विषयाचा गाभा आहे. या परीक्षांना शुल्क असते. ज्याची कंपनी ते भरते त्याला श्रेयांक मिळणार आणि ज्याने तेच काम मोफत खात्यांवर, जुन्या लॅपटॉपवर शिकले त्याला मिळणार नाहीत, असे झाले तर आपण शिक्षणाऐवजी ऐपत मोजली असे होईल. म्हणून वरचे प्रात्यक्षिक प्रमाणपत्र नसलेल्यांनाही खुले ठेवा. प्रमाणपत्र असणाऱ्याला त्याच्या सोप्या भागातून सूट मिळावी, नसणाऱ्याने संपूर्ण परीक्षा द्यावी, श्रेयांक दोघांना सारखेच. असे केले की कोणत्याही कंपनीची परीक्षा आपल्या पदवीचा उंबरठा होत नाही. एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांची प्रमाणपत्रे नाकारण्याचा मोहही त्यामुळे टळतो.

वर्गातली संख्या कमी होईल, विषय बंद पडेल, शिक्षकाचा कार्यभार घटेल, अशी भीती अनेक सहकारी खासगीत बोलून दाखवतात. ती खोटी नाही, आणि तिची जाहीर चर्चा व्हायला हवी. यावर माझी सूचना आहे की, प्रात्यक्षिक घेण्याचा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात रीतसर धरावा. फुकट करून घेतलेले परीक्षण पहिल्या वर्षी मनापासून होते आणि तिसऱ्या वर्षी सही-शिक्क्यापुरते उरते.

गुणपत्रकावरची नोंद नीट असावी. ‘बाह्य श्रेयांक’ एवढेच लिहिले तर पुढची संस्था ते बाजूला ठेवते. ज्या विषयाच्या जागी दिले त्याचे नाव, प्रमाणपत्राचे नाव, परीक्षेचा संकेतांक आणि आपण घेतलेल्या प्रात्यक्षिकाची तारीख, एवढे तरी हवे. श्रेणी देऊ नका, ‘उत्तीर्ण’ लिहा. कंपनीच्या १००० पैकी ७२० चे आपल्या श्रेणीत रूपांतर करण्याचा कोणताही न्याय्य मार्ग मला दिसत नाही. अशा श्रेयांकांची एकूण मर्यादा ठरवायलाही माझा पाठिंबा आहे.

माझी विनंती पुढच्या बैठकीपुरती आहे. कोणते प्रमाणपत्र आपल्या कोणत्या विषयाशी जुळते याचा तक्ता तयार करा आणि प्रवेश सुरू होण्याआधी तो जाहीर करा. ज्यांची जुळणी होत नाही त्यांचीही नावे त्यात लिहा, म्हणजे कोणी खोट्या आशेवर परीक्षेचे शुल्क भरणार नाही. कंपन्या परीक्षेची आवृत्ती बदलत राहतात, त्यामुळे हा तक्ता दरवर्षी तपासावा लागेल. आणि विद्यार्थ्याच्या अर्जावर त्याची विषयनोंदणी होण्याआधी निर्णय द्या. सत्राच्या मध्यावर मिळालेल्या श्रेयांकांचा त्याला त्या सत्रात काहीही उपयोग होत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक